उचंत खात्यातली छत्री

पावसाळ्यात गुऱ्हाळं थंडावली की कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आमच्या गुळाच्या अडत दुकानात दिवाणजीला जरा उसंत मिळते. आवक नावापुरती असते, शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाच्या पट्ट्या करायच्या फारशा राहत नाहीत, आणि संध्याकाळी सहाच्या आत घरी पोचता येतं. वर्षभर साठवलेली पुस्तकं मी याच दोन महिन्यांत वाचतो. यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात शिवाजी पेठेत मामांकडं गेलो होतो, तेव्हा त्यांनी कपाटातून कापडी बांधणीचं एक इंग्रजी पुस्तक काढलं आणि म्हणाले, "हे अजून दिलं नव्हतं तुला. नीट वाच. असं रचलेलं पुस्तक मी दुसरं बघितलं नाही."

मामांचं वय आता ब्याऐंशी. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक टाइप लागत नाही, त्यामुळं गेली चार वर्षं त्यांचं वाचन बंद आहे. रहस्यकथा कशी वाचायची हे मला त्यांनीच शिकवलं. मी आठवीत असताना अर्नाळकरांच्या मागं लागलो होतो. झुंजार आणि काळापहाड यांच्याबरोबर नुसतं धावायचं, पान उलटायची घाई, दुसरं काही नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि आमच्या गल्लीतली पोरं एक संपली की दुसरीसाठी रांग लावायची. मामांनी ते कधी तोडलं नाही, पण करवीर नगर वाचन मंदिरातून एक वेगळ्या तऱ्हेचं पुस्तक आणून दिलं आणि सोबत दोनशे पानी वही. "शेवटच्या प्रकरणाच्या आधी पुस्तक मिटायचं. वहीत खुन्याचं नाव लिहायचं, खाली कारणं लिहायची, तारीख घालायची. मगच पुढं वाचायचं." करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावाला वाचायला देतंय. माझ्या त्या वहीची सुरुवात तिथल्याच पुस्तकानं झाली. आता सहावी वही चालू आहे.

पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव मी लिहीत नाही. लेखक हयात नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते आवडलं असेल तर त्याचा आनंद मला हिरावायचा नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं, इंग्लंडातल्या खेड्यातल्या मोठ्या वाड्यात घडणारं. मामांनी ते साठच्या दशकात मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवरनं घेतलं होतं. पहिल्या पानावर त्यांची सही, शाई तपकिरी झालेली. कागद कडेनं पिवळा आणि मध्ये जरा उजळ, कोपऱ्यात कसर लागून नक्षीसारखी भोकं पडलेली. पाठीवरचा कापडी पट्टा सुटत होता म्हणून आधी एक दिवस मी तो खळ लावून चिकटवला, वर वजन म्हणून दोन जुन्या खतावण्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वाचायला बसलो.

पहिली शंभर पानं फार चांगली होती. वाड्याचा म्हातारा मालक ग्रंथालयाच्या खोलीत मेलेला सापडतो, डोक्यावर एकच जबर घाव. हत्यार सापडत नाही. दाराला आतून कडी, दार फोडून आत जावं लागतं. वेळ रात्री साडेदहाची. खोलीतलं लंबकाचं मोठं घड्याळ बंद पडलेलं, काच फुटलेली, काटे नऊ वाजून वीस मिनिटांवर. घरात म्हाताऱ्याचा सेक्रेटरी, गावचा डॉक्टर, चर्चचा पाद्री हे तिघं साडेआठपासून पावणेदहापर्यंत पत्ते खेळत होते. पावणेदहाला पाद्री घरी गेला, डॉक्टर स्टेशनजवळच्या एका पेशंटला बघायला गाडीनं गेला, सेक्रेटरी आपल्या खोलीत टाइप करत बसला. पुतण्या लंडनहून ९.४० च्या गाडीनं यायचा होता. आणि मोलकरीण. या मोलकरणीची साक्ष हे चौथं प्रकरण, आणि पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग तोच. ती पोरगी घाबरलेली आहे, साहेबांना काय आवडेल ते बोलायला बघते, आणि मध्येच सांगून जाते की दार फोडलं तेव्हा दिवाणखान्याबाहेरच्या स्टँडमध्ये एका छत्रीखाली पाण्याचं थारोळं होतं, आणि ते तिलाच पुसायला लागलं. पाऊस तर आठलाच थांबला होता. पत्त्यांचा डाव मांडला तेव्हा चांदणं पडलं होतं, हे दुसऱ्या प्रकरणात येऊन गेलेलं.

इथं मी वहीत छत्रीची नोंद केली, खाली दोन रेघा मारल्या.

मी हिशोबाचा माणूस आहे. एखादी रक्कम आली आणि ती कुणाच्या नावावर टाकायची ते त्या दिवशी कळलं नाही, तर आम्ही ती उचंत खात्यात टाकतो. पण उचंत हे मुक्कामाचं ठिकाण नव्हे. वर्षअखेरीला तिथली प्रत्येक रक्कम उचलून कुणाच्या तरी नावावर पडली पाहिजे, नाही तर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा-नावेची गोळाबेरीज, जुळली तरी हिशोब खरा नसतो. रहस्यकथेत मला आवडतं ते हेच. लेखक पानोपानी उचंतात रकमा टाकत जातो आणि शेवटच्या प्रकरणात एकेक उचलून योग्य खात्यावर मांडतो. त्या मांडणीचा जो आनंद आहे तो मला दुसऱ्या कुठल्याही वाचनात मिळालेला नाही.

मग अकराव्या प्रकरणात घड्याळ आलं. चार दिवसांनी कुणी तरी लंबक हलवून ते चालू करतं, आणि घर सांभाळणारी बाई तक्रार करते की आता ते एक टोला जास्त देतंय. काटे दहावर असले की अकरा टोले पडतात. इन्स्पेक्टर म्हणतो, धक्क्यानं बिघडलं असेल. मी पुस्तक खाली ठेवलं. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आजोबांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ आहे, आणि त्याचे काटे मागं फिरवायचे नाहीत ही आमच्याकडची जुनी शिस्त. का, ते लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. अशा जुन्या घड्याळात टोल्यांची मोजणी काट्यांवर नसते. आत खाचा असलेलं एक वेगळं चाक असतं, ते ओळीनं एकाचे, दोनाचे, तिनाचे टोले देत पुढं सरकतं. काटे कुठं आहेत हे त्या चाकाला ठाऊक नसतं.

त्या रात्री दहाचे टोले पडल्यावर मी स्टुलावर चढलो, काच उघडली आणि मोठा काटा बोटानं हळू मागं घेत नऊ वीसवर आणला. आत कुठं तरी तार खरचटल्यासारखा बारीक आवाज आला, तेवढंच. घरच्यांनी विचारलं, मी म्हटलं, तासाभरात सांगतो. साडेनऊच्या जागी काटा आला तेव्हा एक टोला पडला, बरोबर. आणि काटे दहावर आले तेव्हा अकरा टोले पडले. मी मोजले, धाकट्यानंही मोजले. "बाबा, एक जास्त झाला." त्या क्षणी मला लेखकाबद्दल जो आदर वाटला तो सांगता येत नाही. कुठल्या तरी इंग्रजी माणसानं नव्वद वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली गोष्ट आमच्या भिंतीवर खरी ठरली होती. याचा अर्थ उघड होता. घड्याळाचे दहाचे टोले पडून गेल्यावर कुणी तरी काटे मागं घेऊन नऊ वीस केले होते. खून दहानंतर झाला होता, आणि ज्याला नऊ वीसच्या वेळी चार लोकांत असल्याचा पुरावा होता, पण दहानंतर नव्हता, असा माणूस शोधायचा होता. (टोले परत जुळवायला मला दोन दिवस लागले, तार वर उचलून एकेक टोला पुढं काढत.)

शेवटच्या प्रकरणाच्या आधी, पान २१४ वर, मी पुस्तक मिटलं. तीन दिवस उघडलं नाही. पाऊस धरलेला होता, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता आणि यार्डात सगळ्यांच्या तोंडी पंचगंगेची पातळी, ३९ फुटांची इशारा पातळी आज गाठतेय की उद्या. संध्याकाळी छत्री घेऊन रंकाळ्यावर गेलो. संध्यामठाचा थोडाच भाग वर राहिला होता. कट्ट्यावर उभं राहून मी सगळी माणसं पुन्हा एकदा रांगेत लावली आणि घरी येऊन वहीत लिहिलं, सेक्रेटरी. पावणेदहापर्यंत पत्त्यात, नंतर एकटा. इस्टेटीचा हिशोब त्याच्याकडं, आणि आठव्या प्रकरणात दोन चेकांचा मेळ लागत नाही असं ओझरतं येतं. डॉक्टरनं मृत्यूची वेळ नऊ ते साडेनऊ सांगितली होती ती माझ्या विरुद्ध जात होती, पण ही वेळ अंदाजानंच सांगतात, तासाभराचा फरक पडू शकतो, असं म्हणून मी ती सोडून दिली. छत्री मात्र कुठंच बसेना. तिच्यापुढं प्रश्नचिन्ह घातलं आणि तारीख टाकली.

मग शेवटचं प्रकरण वाचलं.

खुनी निघाला म्हाताऱ्याचा थोरला भाऊ. अर्जेंटिनात मेला असं सगळे समजत होते म्हणे, तो जिवंत होता, परत आला होता, आणि शेकोटीच्या मागच्या चोरवाटेनं ग्रंथालयात शिरला होता. गुप्तहेराला हे कसं कळलं? त्या खोलीत उभं राहिल्यावर त्याला एकाएकी गारठा जाणवला आणि त्यानं शेकोटीवरचं कोरलेलं गुलाब दाबलं. भिंत सरकली. आत भाऊ. पुढची अकरा पानं भावाचा कबुलीजबाब. घड्याळाबद्दल एक वाक्य आहे, की झटापटीत ते पडलं असावं आणि त्या वेळेचा कशाशी संबंध नव्हता. टोल्यांबद्दल अक्षर नाही. चेकांबद्दल नाही. छत्रीबद्दल नाही.

मी पुन्हा एकदा वाचलं, कारण काही सुटलं असेल असं वाटलं. मग सुरुवातीपासून एकेक पान बघत गेलो, या भावाचा उल्लेख कुठं आहे ते शोधायला. रात्रीचा एक वाजला. १९ व्या पानावर जिन्यातल्या एका तैलचित्राचं वर्णन आहे, शिकारी कुत्र्याशेजारी उभी दोन मुलं. बस. लेखकाच्या बाजूनं ही एक नोंद मी धरतो. पण दोन मुलांच्या चित्रावरून अर्जेंटिनातला भाऊ काढा असं वाचकाला सांगणं म्हणजे शेतकऱ्याच्या हातात नुसता पट्टीचा कागद द्यायचा, त्यावर वजन नाही, भाव नाही, हमाली-तोलाई किती कापली ते नाही, खाली फक्त एक आकडा. यार्डात असं कुणी केलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात गुळाची गाडी लागणार नाही.

मला खुनी ओळखता आला नाही याचं वाईट वाटलेलं नाही, हे मला नीट सांगायचंय. माझ्या सहा वह्यांत चुकलेली नावंच जास्त आहेत. उत्तम पुस्तकात चुकलो की शेवटी कपाळावर हात मारून मागची पानं उलटताना जे सुख होतं, ते बरोबर आल्यावरही होत नाही. तिथं ती ओळ असते, आपल्या डोळ्यांखालून गेलेली असते. इथं ओळच नव्हती. आणि ज्या ओळी होत्या, इतक्या हुशारीनं, इतक्या प्रेमानं घातलेल्या, त्या लेखकानं स्वतःच टाकून दिल्या होत्या. टोल्यांचं ते चाक ज्याला ठाऊक होतं, तो माणूस चोरवाटेकडं का गेला? घाई झाली असेल, की पानं संपत आली असतील? मला त्याचा राग आला आणि त्याच्यासाठी जीवही तुटला.

त्या काळच्या लेखकांनाच हा प्रश्न छळत होता. रोनाल्ड नॉक्स नावाचे कॅथलिक धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी १९२९ मध्ये दहा नियम मांडले. पहिलाच नियम, गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात वाचकाला भेटलेला असला पाहिजे. योगायोगानं किंवा आतून वाटलं म्हणून गुप्तहेराला उत्तर सापडता कामा नये. चोरवाटेला त्यांनी अगदीच बंदी घातली नव्हती, एकीपेक्षा जास्त नको इतकंच. पुढं १९३० मध्ये लंडनला रहस्यकथा लिहिणाऱ्यांचा डिटेक्शन क्लब निघाला, फादर ब्राउनच्या कथा लिहिणारे चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. तिथं नव्या सभासदाला कवटीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागायची, आणि तीत एक कलम होतं की महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही. मामांनी हे सगळं मला शाळेत असताना सांगितलं होतं. ज्या माणसानं हे नियम मला पाठ करून घेतले, त्याला हेच पुस्तक सगळ्यात नीट रचलेलं का वाटावं, हे मला उमगेना.

म्हणून शनिवारी पुस्तक आणि वही घेऊन त्यांच्याकडं गेलो. मामी चहा ठेवायला आत गेल्या. मामांनी पुस्तक हातात घेतलं, पाठीवरचा चिकटवलेला पट्टा बोटानं चाचपला, बरं झालं म्हणाले. मग विचारलं, "काय, धरलास का डॉक्टरला?"

मी काहीच बोललो नाही. ते सांगत सुटले. "छत्री धुतली रे त्यानं. छत्रीच्या मुठीनं मारलं, जड चांदीची मूठ, आणि मागच्या पंपावर धुऊन स्टँडात ठेवली. म्हणून पाऊस नसताना ओली. काटे त्यानंच मागं घेतले. आणि मेल्याची वेळ कुणी सांगितली? त्यानंच. दोन्ही बाजूंनी नऊ वीस पक्कं केलं. काय रचलंय!"

मी वही उघडून बघत राहिलो. छत्री, तिच्यापुढं माझं प्रश्नचिन्ह. डॉक्टरनं सांगितलेली वेळ मी हातानं बाजूला सारली होती. "आणि आतली कडी?" मी विचारलं.

"कडी होती असं कोण म्हणालं? दाराला खांदा पहिल्यांदा कुणी लावला? बघ."

मी सहावं प्रकरण काढलं. दार ढकलून बघणारा आणि "आतून कडी आहे, फोडायला लागेल" म्हणणारा डॉक्टरच होता. दुसऱ्या कुणी हात लावलेला नव्हता. छत्रीची मूठ चांदीची आहे हे तिसऱ्या प्रकरणात आहे, अर्ध्या ओळीत.

"मामा, शेवट असा नाहीये."

"कसा नाहीये?"

मी शेवटचं प्रकरण त्यांना वाचून दाखवलं. अर्जेंटिना आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. गुलाब दाबल्यावर भिंत सरकली तिथं त्यांनी मला थांबवलं आणि पुस्तक मागून घेतलं. अक्षरं त्यांना दिसत नव्हती. त्यांनी शेवटची पानं अंगठ्यानं पुढं-मागं केली, शिवणीत नख घालून बघितलं. "दुसऱ्या कुठल्या पुस्तकाचा फर्मा शिवलेला नाही ना चुकून? पानांचे आकडे बघ." आकडे सलग होते, २१४, २१५, २१६. टाइप तोच, कागद तोच. २२० व्या पानाच्या समासात त्यांच्याच हातची पेन्सिलची एक बारीक खूण होती. ती मी त्यांना सांगितली.

बराच वेळ ते गप्प बसले. चहा निवून गेला. मग म्हणाले, "म्हणजे मी हे वाचलं होतं." आणि थोड्या वेळानं, "पण मला डॉक्टरच आठवतोय. पंपावर वाकलेला डॉक्टर मला दिसतोय अजून."

एकदाच वाचलं होतं त्यांनी, विशी-बाविशीत. त्यानंतर साठ वर्षं कपाटात. शाळेत पोरांना शिकवताना, सायकलवरनं येता-जाता, त्यांनी ते कधी नीट करून टाकलं हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नव्हतं. उचंतातल्या सगळ्या रकमा जागच्या जागी मांडल्या होत्या, आणि त्या मांडणीला ते लेखकाची मांडणी समजत होते.

सगळ्या, एक सोडून. मी वही चाळत होतो आणि पान १३१ ची नोंद दिसली. पुतण्याची साक्ष. ९.४० च्या गाडीनं उतरलो, स्टेशनाबाहेर दहाला दहा कमी असताना डॉक्टरची गाडी भेटली, वाटेत चाक बदलायला लागलं, दोघं वाड्यावर पोचलो तेव्हा दहा पंचवीस झाले होते. मी हे मामांना वाचून दाखवलं. "दहाचे टोले पडले तेव्हा डॉक्टर दोन मैलांवर चाक बदलत होता, मामा."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, वेळा मोजत असावेत.

"हे पुतण्या म्हणतोय," ते म्हणाले. "आणि डॉक्टर म्हणतोय. तिसरं कोण म्हणतंय? त्या रस्त्यावर कुणी बघितलं का त्यांना? चाकाचा चिखल कुणाच्या बाहीवर लागलाय का? मागं जा. दार फोडलं तिथनं सुरू कर, आणि सावकाश वाच."

मी दिवा लावला आणि सहावं प्रकरण पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला घेतलं.